सारवलेली भिंत आणि 'नाही' म्हणायचा हक्क



गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या आयला एक काम सांगून आलं. मुंबईत एका टॉवरमधल्या घराची एक भिंत शेणामातीनं सारवून द्यायची. तीन दिवसांचे नऊ हजार, जायचं-यायचं भाडं वेगळं. काम आणलं माझ्या मामाच्या पोरानं. तो तिकडं इंटिरिअरच्या एका कंत्राटदाराकडं पीओपी करतो. त्याच्या मॅडमला हॉलमधली एक भिंत 'गावाकडच्यासारखी' पाहिजे होती. त्यांच्या गवंड्यांनी थापीनं मारून बघितली, ती सपाट झाली. मॅडमला बोटांच्या कमानी पाहिजे होत्या. पोरगा बोलून गेला, माझ्या आत्याच्या हाताला येतं ते.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. तुटलेला धागा सांधायचा, पुढच्या चातीकडं सरकायचं, तिथला सांधायचा. नऊ हजार हातात यायला मला वीस-बावीस पाळ्या भराव्या लागतात. आयला तेवढे तीन दिवसांत. हिशेब सोपा होता. पण रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सहज ही गोष्ट काढली आणि आमच्या मंडळात भांडण पेटलं.

एक जण म्हणाला, "बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं. तुझ्या आजीनं शेणातनं हात काढला. आणि आता तुझी आय तीस माळे चढून परत त्यात हात घालणार? आणि तू तिला स्टेशनावर सोडायला जाणार?"

दुसरा म्हणाला, "अरे, ही कला आहे. आपल्या बायांची कला. आजवर फुकट राबवून घेतली. आता तिला दाम मिळतोय तर तुला लाज वाटते? ही लाज तुला बामणानं शिकवली."

दोघंही आपलेच. दोघांनीही वाचलंय. मला दोघांचंही पटलं आणि म्हणून मला झोप लागंना. घरी आयला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमचं काय ते ठरलं की सांगा. तवर मी भाकरी टाकते."

हा प्रश्न एका आयचा नाही. उंची घरांच्या भिंतींना आता नुसता गुळगुळीत रंग चालत नाही. त्यांना हाताचा माग पाहिजे. जयपूरकडची आराइश पाहिजे, म्हणजे चुना आणि संगमरवराची भुकटी एकावर एक थर देऊन दगडानं घोटघोट घोटलेली भिंत. कच्छच्या भुंग्यांतलं माती आणि आरशांचं लिंपणकाम पाहिजे. ते तिकडं मेघवाळ बाया पिढ्यान् पिढ्या आपल्याच घरात करत आल्या. पालघरच्या वारल्यांचा गेरू आणि तांदळाच्या पिठाचा चौक पाहिजे. मिथिलेच्या बायांची चित्रं पाहिजेत. याला ते 'पुनरुज्जीवन' म्हणतात. मेलेल्याला जिवंत करणं. शब्द फार चांगला आहे. कुणालाही वाटेल, याला विरोध करणारा माणूस करंटाच असणार.

पण पुनरुज्जीवन कशाचं? भिंतीचं, की भिंत सारवायला जी बाई लागायची तिच्या जुन्या जागेचं? एवढाच माझा प्रश्न आहे. तो मी तुमच्यासमोर उलगडून बघतो.

आधी आयची गोष्ट. ती लहान असताना आजीबरोबर पाटलाचं खळं सारवायला जायची. खळं, गोठ्याबाहेरचं अंगण, बाहेरचा ओटा. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. सुगीला पायलीभर जोंधळं, सणाला शिळी भाकरी, तीही वरनं टाकलेली. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ सालीच बिल मांडलं होतं. वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. आय जन्मली त्याच्या नंतर पुष्कळ वर्षांनी. तरी ती खळं सारवत होती. कायदा वतन काढतो. वतनाची सवय गावाच्या अंगात राहते.

आय सांगते, आजीचा हात असा होता की सारवण वाळलं की त्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी उठायच्या. एकीत एक, सगळ्या सारख्या. कडेला पांढऱ्या मातीचा पट्टा. पाटलीण येऊन बघायची आणि म्हणायची, "बरं झालंय." याच्यापलीकडं एक शब्द नाही. आजीला कुणी कलावंत म्हणालं नाही. पण गंमत बघा, आजी आपल्या घरात, महारवाड्यात, तेच सारवण तेवढ्याच जिवानं करायची. तिथं तिला पायलीही मिळत नव्हती आणि भीतीही नव्हती. मग ती कमानी का काढायची? कारण तिला आवडायचं. दुसरं कारण मला सापडत नाही.

आमच्या पहिल्या दोस्ताला हे सांगायला पाहिजे. त्या हातात जी करामत होती ती पाटलानं दिलेली नव्हती. जातीनं दिलेलं काय होतं? काम. सक्ती. शिळी भाकरी. कमान आजीची होती. जात सोडताना आपण कमानही टाकून दिली, तर पाटलानं जे कधीच दिलं नव्हतं ते आपण त्याला परत करून आलो असं होईल.

पण दुसऱ्या दोस्तालाही एक सांगायला पाहिजे. आमचं आताचं घर सिमेंटचं आहे. दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, भिंतीला डिस्टेंपर. मी एकदा आयला म्हणालो, एक भिंत सारव की, छान दिसंल. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "सारवायचं नाही म्हणून तर सिमेंटचं बांधलं. दर आठ दिवसाला कंबर मोडायची. पावसाळ्यात भिंत पोपडं धरती. तू सारव. मी बसून बघते."

जिच्या हातात ती कला सगळ्यात चांगली आहे, तिलाच तिच्यातनं सुटायचं होतं. तिनं बारा वर्षं भिशी भरली ती त्यासाठी. पुनरुज्जीवनाची भाषा बोलणाऱ्या लोकांच्या कानावर हे कधी जात नाही. त्यांना वाटतं, कला मरते कारण लोक विसरतात. नाही. पुष्कळ कला मरतात कारण त्या करणारी माणसं थकलेली असतात आणि त्यांना पहिल्यांदाच दुसरं काही करता येतं.

शेवटी आय गेली. आमचं काही ठरलं नव्हतं. तिनं ठरवलं. बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. मी पाळी बदलून घेतली आणि बरोबर गेलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलो.

तो टॉवर एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभा आहे. माझा आजा त्याच भागात एका गिरणीत साच्यावर होता. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजा त्यातला एक. तो परत आत गेला नाही, गावाला आला. पुढं १९९१ साली सरकारनं नियम केला की गिरण्यांची जमीन विकायची तर मालक, महापालिका आणि म्हाडा असे साधारण तीन वाटे होतील. २००१ साली नियम बदलला. वाटा फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेचा, जिथं इमारत उभी होती ती जमीन हिशेबातनं बाहेर. २००६ साली सुप्रीम कोर्टात ते टिकलं. घरं आणि बागा आकसल्या, टॉवर वाढले.

त्या टॉवरच्या खाली एक हॉटेल आहे. त्याची एक भिंत जुन्या गिरणीची ठेवलीय. गिलावा खरवडून विटा उघड्या केल्यात, त्यावर पिवळे दिवे सोडलेत. वॉचमन म्हणाला, ओरिजिनल आहे. मी हात लावून बघितला. विटेला तेलाचा वास नव्हता, पॉलिश मारलेलं होतं. भिंत वाचली. भिंतीच्या आतली माणसं गेली. मला तिथंच पुनरुज्जीवन म्हणजे काय असू शकतं ते कळलं. वस्तू ठेवायची आणि तिच्याबरोबरचा माणूस वजा करायचा. माणूस वजा झाला की वस्तू निरुपद्रवी होते. संपाची आठवण येत नाही, दिवा तेवढा छान पडतो.

वर जायला सर्व्हिस लिफ्ट. सामान, कचरा आणि आम्ही. घर एवढं मोठं की आमच्या विहाराचा हॉल त्यात दोनदा मावेल. भिंतीला आधी जाळी ठोकलेली. शेण गोशाळेतनं आलेलं, वाळवून, चाळून, पिशवीत भरून, वर देशी गाईचं चित्र. माती वेगळ्या गोणीत. बरोबर फेविकॉलचे डबे, म्हणजे भेगा पडायला नकोत. आयनं पिशवी फोडून वास घेतला आणि हसली. "ह्याला वासच न्हाई. ह्यातली गाय काय खाती?"

पण काम तिनं मनापासून केलं. दोन दिवस. मी माती मळून देत होतो. तिनं पहिली कमान ओढली आणि तिचा खांदा कसा सैल झाला ते मी बघितलं. पन्नाशीची बाई, गुडघे धरलेले, आणि हात मात्र पोरीचा. तिला आवडत होतं. मी हे लपवून ठेवणार नाही, कारण माझ्या मुद्द्याला ते अडचणीचं आहे. कंत्राटदाराची माणसं काम सोडून बघायला लागली. त्यातला बिहारकडचा एक म्हातारा गवंडी म्हणाला, "अम्मा, ये हाथ का काम है." पाटलिणीनं जे आजीला कधी म्हटलं नाही ते त्यानं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्यावर पारदर्शक केमिकल मारलं. आता ती भिंत कधीच परत सारवावी लागणार नाही. पुसली तरी चालेल. आयला हे समजंना. सारवण म्हणजे परत परत करायची गोष्ट. घरात लगीन असलं की सारवायचं, मढं उठलं की सारवायचं. एकदाच करून बंद केलेलं सारवण हा तिच्या लेखी फोटो होता.

आणि मग मॅडम आल्या. चांगल्या बाई, हे सांगायला पाहिजे. आयला खुर्ची दिली, चहा दिला आपल्याच कपात. म्हणाल्या, आणखी पाच घरांची कामं आहेत. पण एक-दोन गोष्टी. पुढच्या वेळी मावशींनी नऊवारी नेसून यायचं, काम करताना व्हिडिओ काढायचाय. आणि ही पद्धत दुसऱ्या कुठल्या कंत्राटदाराच्या माणसांना शिकवायची नाही. मी विचारलं, भिंतीवर नाव कुणाचं? त्या म्हणाल्या, भिंतीवर नाव नसतं, पुस्तिकेत आमच्या स्टुडिओचं असतं, खाली 'पारंपरिक ग्रामीण महिला' असं लिहू.

आयनं काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. तोवर बिहारात जाऊन येऊ. कारण आमच्या घरात तीन दिवस जे झालं ते मिथिलेत साठेक वर्षं चाललंय, आणि त्याच्या सुरुवातीला आपला एक मराठी माणूस आहे.

१९३४ साली बिहारात मोठा भूकंप झाला. पडलेल्या घरांची पाहणी करताना आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंतींवरची चित्रं दिसली. त्यानं १९४९ साली 'मार्ग' मासिकात त्यावर लिहिलं. पुढं १९६६-६७ साली तिकडं दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं. बायांना कागद द्या, भिंतीवरचं कागदावर काढून घ्या, विकू, पोटाला मिळेल. त्याच कुलकर्णींनी पुढं आपल्याकडं वारल्यांनाही कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा म्हसे तिथनं जगापुढं आले.

कागद मधुबनीत पहिल्यांदा गेला कुणाच्या हातात? ब्राह्मण आणि कायस्थ बायांच्या. लग्नघराच्या कोहबराची चित्रं त्यांची, देवांची चित्रं त्यांची. दुसाधांच्या, चर्मकारांच्या बाया बघत होत्या. त्यांच्याही मातीच्या भिंती होत्या, पण त्या भिंतींकडं 'कला' म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं.

मग १९७० नंतरच्या काळात जितवारपूर गावाकडच्या दलित बायांनी कागद घेतला. एरिका मोझर नावाच्या जर्मन अभ्यासक बाईनं त्यांना म्हटलं, तुमचं जे आहे ते काढा. त्यांचं काय होतं? अंगावरचं गोंदण. चनो देवी या दुसाध बाईनं गोंदणाचे ठिपके, रेघा, झाडं, जनावरं कागदावर ओळीनं बसवली. रामसीता कशाला, आमचा राजा सल्हेस आहे म्हणून दुसाधांचा वीर सल्हेस काढला. जमुना देवी या चर्मकार बाई. शेणाच्या पाण्याचा हात कागदाला देऊन त्यावर काढायची रीत या बायांनी रूढ केली. म्हणजे अंग हाच ज्यांचा कागद होता त्यांनी आपलं अंग भिंतीवर नेलं. याला गोदना शैली म्हणतात.

दोस्तहो, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. या बायांनी पाटलाचं खळं परत सारवलं नाही. वरच्यांच्या देवाची नक्कलही केली नाही. जे कुणी मागितलं नव्हतं तेच बाजारात नेलं आणि त्याला नाव आणि वीर आपला दिला.

पण बाजार कसा आहे तेही बघा. मधुबनी चित्रासाठी पहिली पद्मश्री १९७५ साली जगदंबा देवींना मिळाली. गोदना काढणाऱ्या शांती देवी आणि शिवन पासवान यांना मिळाली २०२४ साली. मध्ये एकोणपन्नास वर्षं. आणि २०१७ साली मधुबनीचं रेल्वे स्टेशन चित्रांनी रंगवलं तेव्हा चित्रकारांनी ते काम मजुरी न घेता, श्रमदान म्हणून केलं. २०१८ साली सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत स्टेशनाला दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीसही मिळालं. श्रमदान हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. ज्यांच्या आजीपणजीनं फक्त श्रमदानच केलं त्यांच्याकडं परत दान मागायचं? दान द्यायला आधी आपल्याजवळ काहीतरी पाहिजे. संविधानाच्या २३ व्या कलमानं बिगार बंद केलीय. कलमात बिगारीचं नवं गोड नाव लिहिलेलं नाही, म्हणून ती चालते का?

आता शेणाचंच बघा. जानेवारी २०२१ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगानं शेणापासूनचा रंग बाजारात आणला. डिस्टेंपर १२० रुपये लिटर, इमल्शन २२५. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. शेण डब्यात गेलं की पवित्र, पर्यावरणाचं, देशी. त्याच गाईचं मेलेलं धूड ओढणारा मात्र २०१६ च्या ११ जुलैला गुजरातेत उनामध्ये गाडीला बांधून झोडपला गेला. गाय तीच. तिचं शेण दिवाणखान्यात आणि तिचं कातडं सोलणारा रस्त्यावर. उनानंतर तिथल्या आपल्या भावांनी काय केलं? मेलेली जनावरं उचलणं बंद केलं. सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची गाय तुम्ही बघा. महाडच्या लढ्याच्या वर्षी, १९२७ साली, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, मुडदार मांस खाऊ नका म्हणून सांगितलं होतं. तोच 'नाही' एकोणनव्वद वर्षांनी परत बोलला गेला.

इथं मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. शेणात हात घातला की नाही, हा प्रश्नच नाही. नर्स हात घालते, डॉक्टर हात घालतो, शेतकरी घालतो. घाण कामात नसते. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही त्या कामात घाण असते. आजी पाटलाला नाही म्हणू शकत नव्हती, म्हणून तिची मोराची कमानसुद्धा वेठ होती. तीच कमान तिनं आपल्या घरात काढली तेव्हा ती कला होती. शेण तेच, हात तोच, बाई तीच. फरक एका शब्दाचा.

बाबासाहेबांनी १९३६ च्या भाषणात सांगून ठेवलंय की जात म्हणजे श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही आवडीवर नाही, जन्मावर. हा कस लावा. एखाद्या कलेचं पुनरुज्जीवन चाललंय म्हटल्यावर मी आता चार गोष्टी विचारतो. करणाऱ्याला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याची चूल पेटते का? दर कोण ठरवतं? नाव कुणाचं लागतं? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. ती कला शिकायला कोण येतं? म्हणजे वरच्या घरातली पोर शेण मळायला बसते का, की ती फक्त 'डिझाइन' करते आणि मळायला कायम आमचीच आय? मळणारी जात आणि ठरवणारी जात वेगळी राहिली, तर भिंत कितीही देखणी होवो, ते खळंच आहे. फक्त तीस माळे वर चढलंय.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर ही कला मरेल. मग? कला जिवंत ठेवायची जबाबदारी आमच्यावर कुणी टाकली? जातीनं आमच्यावर पिढ्यान् पिढ्या जबाबदाऱ्याच टाकल्या. त्यात आता 'वारसा सांभाळा' ही आणखी एक. वकिलाच्या पोराला कुणी म्हणत नाही की तू इंजिनिअर झालास तर वकिली मरेल. चांभाराच्या पोरालाच म्हणतात, तुझ्या बापाची कला वाया जाईल. आपल्याला कला जपायचा हक्क पाहिजे, तसा ती मरू द्यायचाही हक्क पाहिजे. दुसरा नसेल तर पहिला हक्क नव्हेच, ती हुकमाची तामिली.

आणि हाताचं म्हणजे चांगलं, यंत्राचं म्हणजे वाईट, ही भंकसही आपण करू नये. मी यंत्रावर काम करतो. कापसाची तूस छातीत जाते, कानाला दडे बसतात, तरी मी चरख्यावर परत जाणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जे पुस्तक लिहिलं त्यात यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या मालकीचं आहे त्या व्यवस्थेचा. माणसाला फुरसत पाहिजे, फुरसत यंत्र देतं, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा राबतो. मी रात्रपाळी करून दुपारी कविता लिहितो, मला त्याचा अर्थ माझ्या अंगावर कळतो. आयलासुद्धा कमानी काढायची हौस परत आली ती सारवायची सक्ती गेल्यावर. सिमेंटची भिंत झाली म्हणून मातीची भिंत तिला सुंदर दिसू शकली. पोट रिकामं असताना भिंत फक्त भिंत असते.

म्हणून मंडळातल्या दोघांनाही माझं उत्तर एकच. पहिल्या दोस्ता, बाबासाहेबांनी हात सोडायला सांगितले नाहीत, हातातली बेडी सोडायला सांगितली. दुसऱ्या दोस्ता, दाम मिळाला म्हणजे बेडी तुटली असं नाही. पगारी गुलाम गिरणीत रोज बघतो मी, आरशातही बघतो.

आता आयचं उत्तर. तिनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "बाई, मी येईन. पण दिवसाला पाच हजार. मी मला पाहिजे ते लुगडं नेसून येईन. फोटो नको. शिकवायचं म्हणाल तर कुणालाबी शिकवीन, मला काय झाकून ठेवायचं न्हाई. पण पयली तुमच्या हापिसातल्या पोरी बसवा. त्यांनी शेण मळायचं, मी दावते. आणि पुस्तकात माझं नाव ल्ह्या, सगळं, आडनावासकट."

आडनावासकट. आमचं आडनाव असं आहे की ते वाचलं की माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, मी कळवते. नऊ हजार रोख दिले, मोजून. भाड्याचे पैसेही दिले. आम्ही सर्व्हिस लिफ्टनं खाली आलो.

दोन महिने गेले. फोन आला नाही. परवा मामाच्या पोरानं सांगितलं, पाच घरांची कामं झाली. टेक्स्चर पेंटवाल्यानं रबराच्या फणीनं कमानी ओढल्या, वरनं मातीचा रंग मारला. कुणाला फरक कळला नाही.

मी आयला हे सांगितलं तेव्हा ती जोंधळं निवडत होती. मला वाटलं वाईट वाटेल. तिला थोडं वाटलंही. हात थांबला तिचा. मग म्हणाली, "होऊ दे. मशिनीला कंबर न्हाई." आणि परत निवडायला लागली. बहिणीची फी भरली गेलीय. सिमेंटच्या भिंतीला यंदा नवा डिस्टेंपर द्यायचा आहे, रंग आय ठरवणार आहे.

मंडळातलं भांडण मात्र चालू आहे. तुमच्या गावात, तुमच्या मंडळात असं काम कुणाच्या आयला, कुणाच्या बहिणीला सांगून आलं असेल तर कळवा. तिनं काय केलं ते सांगा. ती नाही म्हणू शकली का, एवढं मला आधी कळवा.